अनियमितांची रांग

एप्रिल लागला की आमच्या गिरगावच्या वाडीत पाठांतर ऐकू येऊ लागतं. पूर्वी ते प्रत्येक खोलीतून यायचं, आता एकाच खोलीतून येतं, कारण मराठी शाळेत जाणारी एकच मुलगी वाडीत उरली आहे. परवा दुपारी जरा पाठ टेकली होती, तोच खालून तिचा आवाज आला. "दीर्घिकांचे मुख्य प्रकार तीन. सर्पिल, लंबवर्तुळाकार आणि अनियमित." मग पुन्हा. "सर्पिल, लंबवर्तुळाकार आणि अनियमित." पोरीचा काही दोष नाही, गळाही गोड आहे तिचा. पण तो शेवटचा शब्द मला ऐकवेना. शेवटी मी उठून खिडकी लावून घेतली, एवढ्या उकाड्यात.

निवृत्त शिक्षिकेला परीक्षेचा मोसम आला की भरून येत असेल असं लोकांना वाटतं. शाईचा वास, नव्या पॅडची चिमटी, दाराशी दही-साखरेची वाटी घेऊन उभ्या असलेल्या आया. तसं काही माझ्या वाट्याला येत नाही. मला येते शिसारी. एप्रिलमधली ती कोरडी गरमी अंगाला चिकटली की नाकात पहिल्यांदा फिनेलचा वास येतो, मग अत्तराचा, आणि त्या दोन्हींच्या खालून कोळंबीचा. यातला एक वास मला कधीच घाण वाटला नाही. उरलेले दोन मात्र लालबागच्या त्या वर्षापासून मला सहन होत नाहीत.

माझी पहिली नोकरी लालबागच्या एका शाळेत. गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. सुरुवातीच्या सभा, घोषणा, मोर्चे ओसरले होते आणि माणसं नुसती घरात बसलेली होती. जिन्यांवर पुरुष बसलेले, भर दुपारी, अंगात गंजीफ्रॉक, हातात काही नाही. मी गिरगावातून बसने जायची. गिरगावात संप म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी होती आणि लालबागला उतरलं की तो फुटपाथवर बसलेला असायचा. बायकांनी मिळेल ते काम धरलं होतं. कुणी खानावळीच्या पोळ्या लाटायच्या, कुणी पापड. काही जणी पहाटे भाऊच्या धक्क्यावर कोळंबी सोलायला जायच्या, आणि मुलींना बरोबर न्यायच्या, कारण लहान बोटं भराभर चालतात.

कोळंबी सोलायचं काम तुम्ही पाहिलं आहे का? बर्फाच्या पाण्यात हात घालायचे, डोकं मोडायचं, कवच ओढायचं, काळा दोरा काढायचा आणि गोळा टोपलीत टाकायचा. डोक्याचं टोक सुईसारखं बोटात घुसतं. काम संपेपर्यंत बोटांची टोकं पांढरीफटक होतात आणि सालटी निघतात. होड्या वेळेवर आल्या तर काम वेळेवर संपायचं आणि मुली अकराच्या शाळेला पोचायच्या. होड्या उशिरा आल्या की शाळा बुडायची. दर्याला काही शाळेचं वेळापत्रक दिलेलं नव्हतं.

आमच्या मुख्याध्यापकांना सगळे हेडसर म्हणत. ताठ माणूस, कडक इस्त्री, खिशात अत्तर लावलेला रुमाल. बोलणं अतिशय शुद्ध. त्यांनी त्या वर्षी एक नवीन पद्धत काढली होती. सकाळच्या प्रार्थनेला ज्या मुलांची हजेरी कमी असेल त्यांनी आपापल्या वर्गाच्या रांगेत उभं राहायचं नाही. त्यांची वेगळी रांग, पाण्याच्या टाकीजवळ. तिला नाव होतं 'अनियमितांची रांग'. हेडसर चौथऱ्यावरून म्हणायचे, "अनियमितांनी तिकडे." आणि पाचवीपासून सातवीपर्यंतची दहाबारा मुलं मान खाली घालून टाकीकडे जायची. टाकी गळकी होती, त्यामुळे ती चिखलात उभी राहायची. थोड्याच दिवसांत मुलं एकमेकांना त्याच नावानं हाक मारायला लागली. "ए अनियमित, पेन्सिल दे रे." एखाद्या जातीचं नाव घ्यावं तसं.

त्या रांगेत सातवीतली रंजना परब असायची. किडकिडीत, दोन घट्ट वेण्या, डोळे सतत कशाचा तरी हिशोब लावत असल्यासारखे. ती वर्गात आली की पुढच्या बाकावरच्या मुली नाक धरायच्या. तिला ते ठाऊक होतं. म्हणून ती लिंबाची साल फ्रॉकच्या खिशात ठेवायची आणि बाकाखाली बोटं चोळत बसायची. लिंबू आणि कोळंबी असा तिचा वास होता. शिक्षकांच्या खोलीतही त्या वासाची चर्चा व्हायची. आमच्यातलीच एक बाई म्हणाल्या, "त्या पोरीला सांगा ना घरून अंघोळ करून यायला." त्याच बाई रविवारी कोळंबीचं कालवण कसं करायचं ते आम्हाला सोमवारी साग्रसंगीत सांगायच्या. खोबरं किती, त्रिफळ किती, आणि कोळंबी सोललेलीच कशी घ्यायची, कारण घरी सोलली की हाताचा वास दोन दिवस जात नाही.

मला त्या वेळी बोलता आलं नाही, असं मी म्हणणार नाही. मी बोलले. "मग ज्या सोलतात त्यांच्या हाताचा कसा जाणार?" म्हणून विचारलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही वास माझ्याच हाताला येत होता. तेव्हापासून त्या माझ्या शेजारी डबा खायला बसल्या नाहीत. बरंच झालं, मला जेवण गोड लागायला लागलं.

विश्वाचा धडा मार्चमध्ये आला. वर्षाच्या शेवटी, सगळे कंटाळलेले असतात तेव्हा पुस्तकवाल्यांना विश्व आठवतं. मी फळ्यावर 'दीर्घिका' असं लिहिलं आणि कुणाला अर्थ माहीत आहे का विचारलं. एका मुलानं हात वर केला. "दुसरी वेलांटी, बाई. ऱ्हस्व ती पहिली, दीर्घ ती दुसरी." सगळा वर्ग माना डोलवू लागला. मी हसले, पण मनातून वाटलं, पोरगं काही अगदीच चुकलं नाही. असला शब्द घडवणाऱ्या माणसानं लालबागच्या सातवीचा विचार थोडाच केला असेल. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं म्हणे. आम्ही लांबट तळं म्हटलं असतं तर चाललं नसतं का? मग मी सांगितलं की असंख्य तारे एकत्र राहतात ती ही जागा, ताऱ्यांची वस्ती म्हणा. "म्हणजे चाळ," मागून कुणीतरी म्हणालं. म्हटलं, बरं, चाळ.

सर्पिल म्हणजे चकलीसारखी, हे मी सांगितलं. लंबवर्तुळाकार म्हणजे अंड्यासारखी. तिच्यात बहुतेक सगळे म्हातारे तारे, नवीन काही जन्माला येत नाही. हे सांगताना मला आमच्या शाळेची कमिटी डोळ्यांपुढे आली, ते मात्र मी सांगितलं नाही. आपली दीर्घिका चकलीची. तिलाच आकाशगंगा म्हणतात. "आणि आपण कुठे, बाई?" मी चकलीच्या एका वेढ्यावर, मध्यापासून बरंच लांब, खडूचा ठिपका दिला. वर्गाचं तोंड उतरलं. त्यांना वाटलं होतं मधोमध असणार. "मधे कोण राहतं?" "मलबार हिलवाले," एकाने सांगून टाकलं. "म्हणजे आपण चाळीतल्या शेवटच्या खोलीत. संडासाजवळ." एवढा मोठा हशा मी त्या वर्षात दुसरा ऐकला नाही. मुलं पोट धरून हसत होती. विश्वातलं आपलं स्थान त्यांना जितकं पटकन समजलं तितकं पुढे मी कुणालाच समजावू शकले नाही.

हशा विरला आणि मी तिसरा प्रकार फळ्यावर लिहिला. अनियमित. लिहितानाच पाठीमागे काहीतरी झाल्याचं कळलं. वळले तर सगळ्या माना रंजनाकडे. कुणीतरी नाकाला हात लावलेला. तिची बोटं बाकाखाली चाललेली थांबली होती. आणि मग तिनं हात वर केला. मला वाटलं, पाणी प्यायला जाते म्हणेल.

"बाई, त्यांना वेगळं उभं करतात का?"

मी म्हटलं, नाही गं. आकाशात टाकी नाही. मग मी पुस्तक मिटलं आणि पुस्तकात नव्हतं तेही सांगितलं. अनियमित दीर्घिकांना ठरावीक आकार नसतो. पुष्कळदा शेजारी एखादी मोठी दीर्घिका असते आणि तिच्या ओढीनं त्यांचा आकार बिघडतो. पण त्यांच्यात वायू आणि धूळ भरपूर, त्यामुळे नवे तारे तिथे सारखे जन्माला येत असतात. म्हाताऱ्यांच्या अंड्यापेक्षा कितीतरी जास्त. रंजना एकेक शब्द तोंडातल्या तोंडात म्हणत होती. त्या तासाला तिनं पुन्हा लिंबाची साल काढली नाही.

मागे शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ भेट द्यायला आले होते. माझं विज्ञान आहे कळल्यावर म्हणाले, "बाई, सध्या तुमची चैन आहे. धुराडी बंद, आकाश स्वच्छ. मुलांना तारे दाखवा." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. चुली बंद पडल्या तेव्हा कुठे आकाश मोकळं झालं, आणि हा माणूस त्याची चैन म्हणतो! त्याच्या ढेरीवरची सोन्याची साखळी हसताना वरखाली होत होती, ती अजून डोळ्यांपुढे आहे. असल्या गोड बोलण्याची मला जितकी किळस येते तितकी शिव्यांची येत नाही. शिवी निदान तोंडावर असते.

आता तर हे गोड बोलणं सगळीकडे पिकलंय. गेल्या महिन्यात एक तरुण मला भेटायला आला. गिरणगावात लोकांना फिरवतो, जुन्या चाळी दाखवतो, दार, जिना, कठडा यांचे फोटो काढायला लावतो, आणि शेवटी सगळ्यांना कुठेतरी बसवून वडापाव खायला घालतो. म्हणाला, "मॅडम, तुम्ही संपाच्या काळात तिथे होता. काहीतरी इमोशनल सांगा ना, लोकांना कनेक्ट व्हायला पाहिजे." मी त्याला रंजनाची गोष्ट थोडी सांगितली. त्याचे डोळे चमकले. "मग पुढे काय झालं तिचं? शास्त्रज्ञ झाली असेल ना?" मी म्हटलं, ठाऊक नाही. त्याचा चेहरा असा पडला, जसा काही मी त्याचा वडापाव काढून घेतला. लोकांना शेवटी कलेक्टर लागतो, डॉक्टर लागतो, काही नाही तर निदान मोठी गाडी. एवढं दिलं की आधीचं सगळं माफ. टाकीजवळचा चिखलसुद्धा मग प्रेरणादायी वाटायला लागतो.

एप्रिलच्या सुरुवातीला हेडसरांनी जाहीर केलं की अनियमित मुलांना वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. शाळेचा निकाल खाली येतो म्हणून. मी त्यांच्या खोलीत गेले. अजून कायम झाले नव्हते, जूनमध्ये होणार होते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. म्हटलं, "सर, यंदा परीक्षेला बसली नाहीत तर ही मुलं परत शाळेत येणार नाहीत. मुली तर नाहीतच." हेडसरांनी रुमालानं चष्मा पुसला. "पंधरा तारखेला तपासणी आहे. शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत. ती नीट पार पडू दे, मग बघू." वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात ना, त्याचा मला रोज प्रत्यय यायचा. पण 'बघू' म्हणाले, यावर मी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी रंजनाची आई आली. कोळंबी सोलून थेट आली होती, पदराचं टोक ओलं होतं. मालवणकडची बाई, आवाज खणखणीत. शाळेच्या जिन्यावरच मला गाठून म्हणाली, "बाईनू, वासाचा कारण सांगतत म्हणे. सर आयतवारी कोळंबी खातत मां? मगे? कोळंबी काय दर्यातसून सोललेलीच भायर येता?" मी हसले तशी तीही हसली, पण लगेच डोळे पुसले. "माझ्या चेडवाक बसूक देवा. तेचो बापूस दिसभर भिंतीक बघीत बसता. घरात एक तरी वरच्या वर्गात जाऊ दे." मी म्हटलं, बसेल तुमची मुलगी. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

तपासणीच्या दिवशी शाळेत फिनेल ओतलं होतं. अनियमितांची रांग टाकीजवळ नव्हती, ती सकाळीच गच्चीवर नेऊन बसवली होती, साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून. भर उन्हाच्या वेळी, तापल्या पत्र्याखाली. मी रंजनाला मात्र वर्गात ठेवून घेतलं. दीर्घिकांचा तक्ता धरायला हवी, असं मी सांगितलं. खरं कारण एवढंच की धडा तिलाच सगळ्यात चांगला येत होता आणि मला ते कुणीतरी पाहायला हवं होतं. साहेब आले, मागून हेडसर. साहेबांनी तक्त्याकडे पाहून विचारलं, "ह्या अनियमित दीर्घिकांना आकार का बरं नसतो?" रंजना तक्त्याच्या मागून म्हणाली, "शेजारची मोठी दीर्घिका ओढते साहेब, म्हणून बिघडतो. पण आत नवे तारे होत असतात."

"शाबास!" साहेब मनापासून खूश झाले. "रोज शाळेत येतेस, म्हणून येतं बघ."

"एक दिवस चुकवत नाही, साहेब," हेडसर म्हणाले. जराही अडखळले नाहीत. आवाजात पितळेच्या घंटेसारखा स्वच्छपणा.

रंजनानं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ती गोंधळली होती. तिला वाटलं सरांची काहीतरी चूक झाली आहे आणि ती सुधारायला हवी. आम्हीच शिकवलं होतं तसं. "नाही साहेब," ती म्हणाली, "मी अनियमितांतली आहे. आमची रांग आज वर गच्चीवर बसवलीय. मी तक्ता धरायला आले."

साहेबांनी घड्याळात पाहिलं. मला अजून आशा होती. मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल, चला, गच्चीवर जाऊ. साहेबांनी घसा साफ केला आणि मुलांना नियमितपणाचं महत्त्व सांगितलं. सूर्य रोज वेळेवर उगवतो, चंद्र वेळेवर उगवतो, निसर्गात सगळं कसं नियमित आहे. मग ते हेडसरांच्या खोलीत जेवायला गेले. जेवणात कोळंबीभात होता. वास तीन वर्ग ओलांडून आमच्यापर्यंत आला, आणि कुणीही नाक धरलं नाही. शेऱ्यात त्यांनी 'शिस्त उत्तम' असं लिहिल्याचं संध्याकाळी हेडसरांनी आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं. मी मोरीत जाऊन खरोखरच ओकले.

मग काय 'बघू' आणि कसलं काय. "त्या मुलीनं शाळेची अब्रू घालवली," हेडसर म्हणाले, "आता तर प्रश्नच नाही." नाकाने कांदे सोलणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, पण स्वतःचं खोटं पकडलं गेल्यावर दुसऱ्याच्या खरेपणाला घाण म्हणणारा हा पहिलाच.

मी ठरवलं की परीक्षा मी घेईन. वार्षिक परीक्षा सुरू झाली तेव्हा शाळा सुटल्यावर त्या त्या दिवशीचा पेपर घेऊन मी रंजनाच्या चाळीत जायची. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत त्या दहाबारा मुलांना अंतर ठेवून बसवलं. खाली टाकायला कुणी गोधडी दिली, कुणी जुनी गिरणीची चादर. बायकांनी नळावरची भांडी उशिरा घासायची ठरवलं. रेडिओ बंद झाले. सबंध मजला कुजबुजत बोलायचा. पुरुष मंडळी जिन्यात पहाऱ्याला बसली, कितीतरी दिवसांनी त्यांना काहीतरी काम मिळालं होतं. रंजनाचे वडील, दिवसभर भिंतीकडे बघत बसणारे, ते उठून फेऱ्या मारायला लागले, अगदी सुपरवायझरसारखे हात मागे बांधून. "ए, बाजूवाल्याचं बघायचं नाय हां," ते दरडावायचे. "कॉपी केली तर सरळ गेटाबाहेर."

"गेटाबाहेर तर आपण सगळेच हाय, परब," जिन्यातून कुणीतरी म्हणालं, आणि मुलं लिहिता लिहिता खुदकन हसली. परबही हसले. त्यांच्या बायकोनं दाराआडून ते पाहिलं आणि तशीच आत गेली.

एवढं सगळं आयुष्य शिकवलं, मोठ्या शाळांत शिकवलं, पुढे प्रयोगशाळा मिळाल्या, प्रोजेक्टर मिळाले, पण परीक्षा म्हणून जिला मान द्यावा अशी ती एकच. उकाड्यानं घामाचे थेंब कागदावर पडायचे, शाई पसरायची. सातवीच्या विज्ञानाच्या पेपरात चौथा प्रश्न होता, दीर्घिकांचे प्रकार सांगून आपली दीर्घिका कोणत्या प्रकारात मोडते ते लिहा. मुलांनी लिहिलं. कुणी आकृती काढली, कुणी सर्पिलच्या जागी चकली लिहिलं. रंजनानं सगळं बरोबर लिहिलं होतं. आपली दीर्घिका सर्पिल, आणि आपण तिच्या एका वेढ्यावर, कडेला. त्यातला एकही शब्द इकडचा तिकडे नव्हता.

आता त्या चाळीच्या जागी काय आहे ते मी सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. मागे एकदा तिकडून बसने जाताना एका उंच इमारतीची जाहिरात पाहिली. 'ताऱ्यांच्या सहवासात राहा'. खाली एक गोरीपान बाई गच्चीतल्या पोहण्याच्या तलावाकाठी आडवी. लांबट तळं. म्हटलं, ही बघा खरी दीर्घिका. शेजारी गिरणीचं धुराडं नुसतंच उभं ठेवलंय, शोभेला, त्याच्यावर रात्री निळे दिवे सोडतात म्हणे. मेलेल्या माणसाला पावडर लावून दिवाणखान्यात बसवावं तसं ते मला वाटलं. शेजारी बसलेल्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "किती छान जपलंय ना." मी पुढच्या थांब्याला उतरले आणि उरलेलं अंतर चालत गेले.

उत्तरपत्रिका मी दोन रात्रींत तपासल्या. सगळे पास नव्हते, उगाच कशाला खोटं सांगू. तिघं नापास होती, त्यांना मी नापासच केलं. नाहीतर त्या परीक्षेला काय अर्थ राहिला असता? रंजना विज्ञानात सबंध सातवीत पहिली होती, शाळेत वर्गात बसून लिहिलेल्या मुलांना धरून. गठ्ठा मी हेडसरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वरचा कागद दोन बोटांच्या चिमटीत उचलला, नाकापासून लांब धरला, आणि परत ठेवला. हातानंही नव्हे, फूटपट्टीनं त्यांनी सगळा गठ्ठा टेबलाच्या कडेला सरकवला, तो खाली टोपलीत पडला. "ह्या उत्तरपत्रिका शाळेच्या नाहीत, बाई." मग उठून बेसिनशी गेले आणि साबण लावून हात धुतले. मी उभी आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांनी बोटांच्या बेचक्यासुद्धा धुतल्या. मी टोपलीतून गठ्ठा उचलला आणि बाहेर पडले. जूनमध्ये मला कायम केलं नाही, त्याचं मला दुःख झालं नाही. मे महिन्यात परबांनी खोली सोडली आणि ते गावाला गेले. त्या तरुणाला मी खोटं सांगितलं नव्हतं, त्यापुढचं मला खरोखर ठाऊक नाही.

पण त्या दिवशी मी गठ्ठा घेऊन बाहेर आले तेव्हा रंजना फाटकाशी उभी होती. धक्क्यावरून थेट आलेली, बोटं पांढरी पडलेली. वेण्या मात्र नव्यानं घातलेल्या, रिबिनी लावलेल्या. तिनं आधी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"बाई, मी पास झाले?"

"झालीस. विज्ञानात पहिली आहेस. सगळ्यांत पहिली."

तिचा चेहरा एकदम उजळला. आनंदानं तिनं हात तोंडावर नेले, मग वासाची आठवण होऊन पाठीमागे लपवले. जायला वळली. दोन पावलं गेली असेल नसेल, काहीतरी राहिल्यासारखी थांबली आणि परत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मग बाई, जूनमध्ये मी कुठल्या वर्गात बसू?"